नवे टायर मागं

“मागं,” अक्का म्हणाली. “नवे दोन्ही मागं घाला.”

शिकलगारांनी जॅकचा दांडा तसाच हातात धरून आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मिरज रस्त्यावर त्यांचं टायरचं दुकान होतं. आम्ही तिथं पहिल्यांदाच आलो होतो. जयसिंगपूरच्या नेहमीच्या दुकानात आमच्या गाडीच्या मापाचे टायर संपले होते, म्हणून सांगली गाठावी लागली होती.

“ताई, झिजलेत पुढचे,” ते म्हणाले. “मग नवे पण पुढंच जाणार की. सगळे पुढंच घालतात.”

“घालू देत सगळे.”

“अवो, इंजिन पुढं, स्टेअरिंग पुढं, ब्रेकचा जोर पण पुढच्याच चाकांवर. पकड पुढं पायजे.”

“तुमचं चुकतंय असं मी म्हणत नाही. पण आता असं करा, मागचे काढून पुढं लावा. त्यांना अजून बरी नक्षी आहे. नवे मागं. आणि पुढच्या दोन्हींतला त्यातल्या त्यात बरा असेल तो स्टेपनीला ठेवा.”

मला शिकलगारांचंच पटत होतं. पुढचे टायर झिजून पार गोटा झाले होते. तिथंच नवे घालायचे, यात एवढं बोलण्यासारखं काय होतं? शिवाय गाडी आता माझी होणार होती.

“अक्का, राहू देत ना पुढंच. चालवणार मी आहे.”

“म्हणूनच सांगतेय,” ती म्हणाली. “ये इकडं.”

तिने मला गाडीच्या पुढच्या चाकापाशी नेलं आणि ओणवून त्यावर हात ठेवला. “ओल्या रस्त्यावर हे घसरलं तर स्टेअरिंग हलकं लागतं. तुझ्या हाताला कळतं. पाय उचललास की गाडी पुन्हा तुझ्या ऐकण्यात येते.” मग ती मागच्या चाकापाशी गेली. “हे घसरलं तर तुझ्या हाताला काहीच कळत नाही. तू समोर बघत असतेस. कळतं तेव्हा गाडी आडवी झालेली असते. मग काही करता येत नाही.”

“तुझी झाली होती?”

“एकदा. कुरुंदवाडच्या अलीकडं. उसाच्या सरीत जाऊन थांबले म्हणून वाचले. तुम्हाला सांगितलं नव्हतं.”

शिकलगारांनी मान हलवली आणि मागच्या बाजूला जॅक लावला. “ताईंनी गाडी फिरवलीया दिसतंय,” ते पुटपुटले.

फिरवली होतीच. माझी मोठी बहीण पद्मजा साखर कारखान्याच्या शेती विभागात नोकरीला होती. आमचे वडील आप्पा गेले तेव्हा मी शाळेत होते आणि तिचं शिक्षण नुकतंच संपलं होतं. शिरोळ तालुक्यातल्या गावागावांतून उसाचे प्लॉट बघत ती हिंडायची, आधी मोपेडवर आणि नंतर या छोट्या पांढऱ्या गाडीतून. शेतातली पाणंद असो, मळीनं निसरडा झालेला रस्ता असो, नदीकाठची चिकणमाती असो, तिची गाडी कुठंही जायची. गाडी चालवायला मला तिनंच शिकवलं. मी चालवायला बसले की शेजारी बसून ती पायाखाली नसलेला ब्रेक दाबत राहायची.

त्या सकाळी आम्ही निघताना आईने मला स्वयंपाकघरात ओढून नेलं होतं. “सुनू, आज दिवसभर ती तुझ्याबरोबर आहे. बोल काहीतरी. तुझं ऐकते ती. नंतर बोलायला मिळायचं नाही.”

मी बरं म्हटलं होतं. पण जयसिंगपूर गेलं, अंकलीचा पूल गेला, सांगली आली, आणि माझ्या तोंडून निघालं ते एवढंच की आभाळ भरून आलंय.

दुकानात शिरल्यावर तर बोलायला सवडच मिळाली नाही. शिकलगारांनी पहिल्यांदा काढलेली जोडी तिने परत ठेवायला लावली. टायरच्या कडेला बारीक आकडे कोरलेले असतात, त्यावरून तो कुठल्या वर्षी, कुठल्या आठवड्यात तयार झाला ते कळतं. उकिडवं बसून, पदर खोचून तिने ते आकडे वाचले. “हा दुकानात पडून पडून कडक झालाय. ताजा दाखवा.” दुसरी जोडी आली. त्यात एकाची नक्षी वेगळी होती. “दोन्ही एकसारखे पाहिजेत. एक ओढतोय एकीकडं, दुसरा दुसरीकडं, असं नको.” शिकलगार वैतागले नाहीत. उलट माडीवर चढून स्वतः तिसरी जोडी घेऊन आले. ती तिने नखानं दाबून पाहिली, वास घेतला, आकडे वाचले आणि मग म्हणाली, “हे चालतील. हे तुला खूप दिवस पुरतील.”

ती टायर हाताळत होती तेव्हाच शिकलगारांचं लक्ष तिच्या हातांकडे गेलं असावं. तिच्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत मेंदी होती. आदल्या दिवशी गल्लीतल्या बायकांनी काढलेली, गडद रंगलेली. मनगटात हिरवा चुडा होता.

“घरात लगीन हाय वाटतं?” त्यांनी विचारलं.

मी खाली बघितलं. अक्का सरळ म्हणाली, “लग्न नाही. माझी दीक्षा आहे. आमच्यात दीक्षेआधी मेंदी काढतात, मिरवणूक काढतात, ओटी भरतात.”

“दीक्षा म्हंजे जैनांची? ते पांढऱ्या साडीतल्या माताजी असतात, तसं?”

“हो.”

शिकलगारांनी हातातला पाना खाली ठेवला. आमच्या भागातले असल्याने त्यांना बरंच ठाऊक होतं. उसाच्या हंगामात रस्त्याच्या कडेनं चालत जाणारे संघ त्यांनी पाहिले असणार. अनवाणी पाय, एका हातात मोरपिसांची पिच्छी, दुसऱ्या हातात कमंडलू.

“मग पुन्हा गाडीत बसायचं न्हाई?”

“नाही. कुठल्याच वाहनात नाही.”

“आणि ही गाडी?”

“हिची. ही माझी धाकटी बहीण, सुनेत्रा. इचलकरंजीला बँकेत लागलीये. रोज जाऊन येऊन करायचंय तिला.”

शिकलगारांनी आत ओरडून चहा सांगितला. अक्का दिवसातून एकदाच जेवायची, त्यानंतर पाणीसुद्धा घेत नसे. तिने हात जोडले. माझ्या एकटीसाठी चहा आला.

आम्ही दुकानाबाहेरच्या बाकावर बसलो. आत चाक फिरवून त्याचा तोल बघणारं यंत्र घरघरत होतं.

“आईनं सांगितलंय ना तुला बोलायला?” अक्काने विचारलं.

मी चहा फुंकत राहिले.

“बोल की मग.”

“काय बोलू?”

“तुला काय कमी होतं, ते विचार. सगळे तेच विचारतात. मामा विचारून गेला, कारखान्यातले साहेब विचारून गेले.”

“तू काय सांगितलंस?”

“काहीच कमी नव्हतं म्हटलं. त्यांना ते खरं वाटत नाही. लग्न जमलं नाही म्हणून, आप्पा अकाली गेले म्हणून, कुणीतरी मन मोडलं म्हणून, असं काहीतरी त्यांना हवं असतं.” ती हसली. “स्थळं येत होती ती मीच परत पाठवत होते, हे तुला माहितीये. तुमच्यासाठी थांबले असंही कुणी म्हटलं तर त्याचं ऐकू नकोस. मी कशापासून पळून चालले नाही गं, सुनू. मला तिकडं जायचंय.”

“तिकडं म्हणजे कुठं? रोज नवं गाव, नवा रस्ता. उन्हातान्हात चालायचं. केस हातानं उपटायचे.”

“ते सगळं आहेच,” ती म्हणाली. “शाळेला सुट्टी लागायची असली की आदल्या दिवशी तुझा पाय घरात ठरायचा नाही, आठवतंय? जेवायची नाहीस, सारखी दारात जाऊन बघायचीस. मला वर्षभर तसं होतंय. सकाळी डोळा उघडला की वाटतं, झालं, आणखी एक दिवस सरला.”

तिचा चेहरा मी नीट पाहिला. इतक्या महिन्यांत मी तो पाहिला नव्हता असं मला वाटलं. घरात चर्चा चालायची, आई रडायची, नातेवाईक यायचे आणि अक्का कोपऱ्यात मान खाली घालून बसलेली असायची. तिला आनंद झालेला आहे हे माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

तरीही मी पक्कं ठरवून आले होते. आमच्यात दीक्षेला घरच्यांची अनुमती लागते. दीक्षा देणाऱ्या माताजी भर मांडवात विचारतात आणि घरचे नाही म्हणाले तर दीक्षा होत नाही. आईने सगळा भार माझ्यावर टाकला होता. सुनू हो म्हणाली तर मीही हो म्हणेन, असं ती सगळ्यांना सांगत होती. आणि मी महिनोन्‌महिने हो म्हणाले नव्हते, नाहीही म्हणाले नव्हते. अक्कानेही कधी विचारलं नव्हतं. मांडव उभा राहिला, पत्रिका वाटल्या गेल्या, माझ्या ‘नको’ला मात्र अजून कुणी हात लावला नव्हता. तो माझ्यापाशी शाबूत होता. तो घरी जाताना बाहेर काढायचा असं मी ठरवलं होतं.

गाडी तयार झाली. अक्काने चारही चाकांभोवती फिरून वाकून पाहिलं, हवा पुन्हा मोजायला लावली, एका चाकाचे नट पुन्हा आवळायला लावले. मग पुन्हा एक फेरी मारली. शिकलगार बाजूला उभे राहून बघत होते. तिसऱ्यांदा ती मागच्या चाकापाशी वाकली तेव्हा ते हळूच म्हणाले, “ताई, झालंय सगळं व्यवस्थित.”

ती सरळ उभी राहिली. “हो,” म्हणाली. “झालंय.”

निघताना ती आपणहून डाव्या बाजूला बसली. “तूच चालव. आणि काही दिवस जरा दमानं घे. नवा टायर सुरुवातीला रस्ता नीट धरत नाही.”

अंकलीच्या पुलावर आलो आणि पाऊस लागला. कार्तिकातला अवकाळी पाऊस. खाली कृष्णेचं पाणी दिसेनासं झालं. उदगाव मागे पडलं, जयसिंगपुरातून शिरोळच्या रस्त्याला लागलो तोवर तो जोरात कोसळायला लागला होता. उसाची तोडणी सुरू होती. शेतातून निघालेल्या ट्रॅक्टरांच्या चाकांनी आणलेली काळी माती रस्त्यावर पसरली होती आणि आता तिचा राडा झाला होता. मी जपून चालवत होते. अक्का पायाखालचा तिचा तो ब्रेक दाबत होती.

मी मनातल्या मनात वाक्यं जुळवत होते. अक्का, आईचं वय बघ. अक्का, मला एकटीला जमणार नाही. अक्का, नको जाऊस.

समोर उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर चालला होता. वळणावर तो अचानक थांबला. मला ते दिसलं, मी ब्रेकवर पाय दाबला, आणि गाडी थांबली नाही. पुढची चाकं चिखलावरून सरळ घसरत निघाली. मी स्टेअरिंग डावीकडे वळवलं, ते लोण्यासारखं फिरलं आणि गाडी मात्र ट्रॉलीच्या दिशेनंच जात राहिली. काचेसमोर उसाचे शेंडे मोठे मोठे होत होते.

“पाय उचल!” अक्का ओरडली. “सुनू, पाय उचल!”

मी पाय उचलला. क्षणभर काहीच झालं नाही. मग हाताला एकदम वजन लागलं, चाकांनी रस्ता धरला, गाडी डावीकडे वळली आणि ट्रॉलीच्या कडेनं सरकत साइडपट्टीवर उतरली. मागची बाजू जराही हलली नाही, निमूट पाठोपाठ आली. बाभळीच्या झाडाखाली मी गाडी थांबवली. पुढचा ट्रॅक्टर चालू झाला आणि निघूनही गेला. त्याच्या ड्रायव्हरला काही कळलंही नसेल.

“थांबली,” मी म्हणाले. “अक्का, थांबली गं.”

मी वळून पाहिलं. अक्काने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं होतं. मेंदीच्या बोटांमधून आवाज येत होता. आप्पा गेले तेव्हासुद्धा मी तिला असं रडताना पाहिलं नव्हतं.

“मला नाही जमत,” ती म्हणाली. “सकाळपासून बघतेय मी. टायर बघितले, हवा बघितली, नट बघितले. तरी वाटतंच की काहीतरी राहिलं. तू रोज या रस्त्यानं जाणार. पाऊस येणार, ट्रॅक्टर येणार. मी कुठं असेन? मला कळणारसुद्धा नाही.”

“अक्का, मला काही झालं नाही.”

“आज नाही झालं.” तिने पदरानं तोंड पुसलं आणि माझ्याकडे वळली. “सुनू, तू नको म्हण.”

“काय?”

“तू नको म्हण एकदा. मी सकाळपासून त्याचीच वाट बघतेय. तू नको म्हणालीस की मी सरळ माताजींकडे जाते, सांगते की घरच्यांची अनुमती नाही. त्या एका शब्दानंही मला काही बोलणार नाहीत. मांडव उतरेल, चार दिवस लोक बोलतील. मी कारखान्यात परत जाईन. साहेबांनी जागा भरलेली नाही अजून.”

पाऊस टपावर वाजत होता. वायपर चालूच राहिले होते. मला जे हवं होतं ते सगळं तिने माझ्या पुढ्यात आणून ठेवलं होतं. संध्याकाळी घरी जाऊन आईला सांगायचं, अक्का जाणार नाही. आई तिला पोटाशी धरेल. उद्यापासून ती पुन्हा तिच्या खोलीत असेल, सकाळी गाडी काढेल, मला जाता जाता स्टँडवर सोडेल. एका शब्दाचं काम होतं. तो जिभेवर आला होता.

“उद्या सकाळी डोळा उघडल्यावर काय वाटेल तुला?” मी विचारलं.

असं का विचारलं ते मला आजही सांगता येत नाही.

काचेवरून ओघळणारं पाणी ती बघत राहिली.

“सांग ना.”

“सुट्टी रद्द झाली असं वाटेल,” ती म्हणाली. आवाज अगदी लहान मुलीसारखा होता.

मी स्टेअरिंगवर हात ठेवून बसून राहिले. एक बैलगाडी मागून आली आणि पुढे गेली. गाडीवानाने डोक्यावर पोतं घेतलं होतं.

“मग जा,” मी म्हणाले.

“सुनू—”

“जा, अक्का. आईला मी सांगते.”

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिने हात पुढे करून माझ्या कपाळावर आलेले केस मागे सारले, शाळेत जाताना सारायची तसे. मी गाडी चालू केली. अर्ध्या वाटेवर माझ्या लक्षात आलं की अक्काचे पाय स्थिर आहेत. तिने डोकं खिडकीला टेकलं होतं आणि ती गाढ झोपली होती. मी चालवत असताना ती कधीच झोपली नव्हती. घर आल्यावरही मी बराच वेळ तिला उठवलं नाही.

दीक्षेच्या दिवशी मांडवात हजारो लोक होते. माताजींनी विचारलं तेव्हा आईने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, मग आईने हलवली. अक्काने सगळ्यांची क्षमा मागितली, आईची मागितली, माझी मागितली. मग केशलोच झाला. तिचे लांब केस हातानं उपटून काढत होते आणि ते झेलायचं कापड मी एका टोकाला धरलं होतं. तिचा चेहरा शांत होता. मध्येच एकदा तिने डोळे उघडले, आणि दुकानाच्या बाकावर पाहिला होता तोच चेहरा मला पुन्हा दिसला. हिरवा चुडा उतरला, पांढरी साडी आली. माताजींनी नवं नाव जाहीर केलं आणि लोकांनी जयजयकार केला. ते नाव माझ्या ओठांवर अजूनही पटकन येत नाही.

दुसऱ्या दिवशी संघ कर्नाटकाच्या दिशेनं निघाला. शिवेपर्यंत आम्ही चालत गेलो. तिथून आम्ही परतलो, ती पुढे गेली.

त्यानंतर बरीच वर्षं गेली. माझं लग्न झालं, मुलगी झाली. ती गाडी विकली, दुसरी घेतली. अक्का कुठं आहे ते कधी कुणी यात्रेहून आलेलं सांगायचं. श्रवणबेळगोळला आहेत, आता बुंदेलखंडाकडे विहार चाललाय, यंदाचा चातुर्मास अमुक गावी. आम्हाला जायला मिळालं तेव्हा आम्ही गेलो. शेकडो लोकांत बसून दुरून दर्शन घेतलं. ती सगळ्यांना देते तसा आशीर्वाद द्यायची आणि माझ्यावर क्षणभरही जास्त नजर टेकवायची नाही. तेच तिचं व्रत होतं. ती आता कुणाचीच अक्का नव्हती. आई गेली तेव्हा आम्ही निरोप पाठवला. तिने तो ऐकला आणि कायोत्सर्ग केला, म्हणजे उभ्या राहून ध्यान केलं, एवढं संघातल्या एका बाईने फोनवर सांगितलं.

गेल्या वर्षी त्यांचा संघ बेळगावच्या बाजूला एका खेड्यात थोडे दिवस थांबणार असल्याचं कळलं. मी बँकेतून रजा काढली आणि तिथं एका श्रावकांच्या घरी उतरले. मला आहार द्यायचा होता. सकाळी शुद्ध होऊन, धुतलेली साडी नेसून, विहिरीचं पाणी उकळून, सोवळ्यात स्वयंपाक करायचा आणि हातात कलश घेऊन दारात उभं राहायचं. माताजी रस्त्याने येतात. मनात काहीतरी ठरवून निघालेल्या असतात, ते ज्या दारात जुळेल तिथं थांबतात. कुठं थांबतील ते कुणालाच माहीत नसतं.

पहिल्या दिवशी ती शेजारच्या दारात थांबली. दुसऱ्या दिवशी गल्लीच्या टोकाला. तिसऱ्या दिवशी ती आमच्या गल्लीत आलीच नाही. रोज मी “वंदामि माताजी, अत्र तिष्ठ, तिष्ठ” म्हणायची आणि ती माझ्या समोरून निघून जायची. मी केलेला भात रोज आम्हीच खाल्ला. यजमानीणबाईंना माझं नातं माहीत होतं. “मनाला लावून घेऊ नका,” त्या म्हणायच्या, “त्यांच्या मनातलं जुळावं लागतं.”

संघ निघायच्या दिवशी सकाळी ती आली. तशीच खाली नजर, तेच भरभर चालणं. चेहरा वाळला होता, पायाच्या टाचा फुटल्या होत्या. मी म्हणायचं ते म्हटलं. ती दोन पावलं पुढे गेली, थांबली, आणि मागे वळून आमच्या दारासमोर उभी राहिली.

तिला तीन प्रदक्षिणा घातल्या. आत नेलं, पाटावर बसवलं, पाय धुतले. मन, वचन, काया शुद्ध आहे, आहार-पाणी शुद्ध आहे असं म्हटलं. आता ती बोलणार नव्हती. तिने दोन्ही हात जोडून ओंजळ पुढे केली आणि मी त्या ओंजळीत पहिला घास ठेवला.

दुसऱ्या घासाला माझे डोळे भरून आले. यजमानीणबाईंनी माझ्या दंडाला धरलं आणि कानाशी पुटपुटल्या, “रडू नका हं. कुणी रडलं तर अंतराय होतो. त्या तशाच उठतील, मग उद्यापर्यंत पाणीसुद्धा नाही. आणि आज त्यांना लांब चालायचंय.”

मी ओठ आत धरले. भिंतीवरच्या खिळ्याकडे बघितलं, छताच्या पत्र्याकडे बघितलं, परत ओंजळीकडे बघितलं. भात ठेवला. दूध ओतलं. फळाची फोड ठेवली. ती सावकाश, एकेक घास नीट तपासून खात होती, आणि ओंजळ पुन्हा पुढे येत होती. यजमानीणबाईंनी मागून नवल वाटून बघितलं. चार घासांत हात सोडणाऱ्या माताजी आहेत या, एवढा वेळ त्या कधीच बसत नाहीत, असं त्यांनी मला नंतर सांगितलं. मी वाढत राहिले. पातेलं तळाला आलं तेव्हा तिने पाणी घेतलं, ओंजळ सोडली आणि उठली. पिच्छी उचलून तिने घरातल्या सगळ्यांना आशीर्वाद दिला, मलाही दिला, सगळ्यांना दिला तेवढाच.

मग ती बाहेर पडली. मी दारात उभी राहिले. ती गल्लीचं वळण ओलांडून दिसेनाशी होईपर्यंत मी डोळ्यांतून टिपूस येऊ दिलं नाही.